कलम बारा आणि आमची कसारा लोकल

खडवलीला राहते असं सांगितलं की समोरचा दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. एक, "ते नदीवालं खडवली का?" आणि दुसरा, "अगं बाई, रोज कसारा लोकलने?" दोन्हींचं उत्तर हो. भातसा नदी आहे, पावसाळी पिकनिकवाले आहेत आणि कसारा लोकलही आहे (चौथी सीट मिळाली तर दिवस चांगला गेला समजायचं).

पण या लाइनीला आणखी एक ओळख आहे आणि ती रोज जाणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. ही लष्कराची लाइन आहे. कल्याणला गाडी दोन बाजूंना फुटते. आमच्या बाजूने शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली करत कसारा, मग घाट चढून इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड. दुसऱ्या बाजूने कर्जत, बोरघाट आणि पुणे. देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा, पुण्याला लष्करी वैद्यकीय महाविद्यालय आणि खडकवासल्याची एनडीए. आणि ज्या कल्याणला फाटा फुटतो, तिथेच दुसऱ्या महायुद्धात हजारो सैनिकांची छावणी होती. शहाड-विठ्ठलवाडीच्या मधला तो सगळा भाग. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बराकींमध्ये वसवलं आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आमच्याकडची जुनी माणसं आजही उल्हासनगर म्हणत नाहीत. "कॅम्पात जाऊन येतो" म्हणतात. कॅम्प नंबर एक, दोन, तीन... ते नंबर लष्करी छावणीचे.

गेले काही महिने मी एकाच प्रश्नाच्या मागे लागले आहे. या लाइनीवरून भरतीला जाणाऱ्या पोरांचे लोंढे मी लहानपणापासून पाहतेय. पोरींचं काय? विषय अचानक डोक्यात का शिरला ते पुढे येईलच. वाचता वाचता मिळालेलं इथे मांडून ठेवते. नातेवाईक मंडळींनी कंटाळू नये, मधेमधे घरचेही लोक आहेत. :)

माझी समजूत अशी होती की बायका लष्करात आल्या १९९२ ला. बहुतेकांची असते. पण गोष्ट त्याआधी पन्नास वर्षं सुरू होते. १९४२ मध्ये, म्हणजे कल्याणच्या कॅम्पात सैनिक भरलेले असताना, ब्रिटिश सरकारने 'विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया)' काढली. कारण सरळ होतं, माणसं कमी पडत होती. जी कामं बाई करू शकते तिथे बाई ठेवा आणि पुरुषाला आघाडीवर पाठवा. टंकलेखन, टेलिफोन, सांकेतिक संदेश, भांडारं, गाड्या चालवणं. दहा हजारांच्या वर बायका या दलात होत्या, त्यात भारतीय, अँग्लो-इंडियन, युरोपियन अशा सगळ्या. १९४४ ला नौदलासाठी वेगळी शाखा निघाली. त्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेल्या, तेव्हाचा त्यांचा फोटो उपलब्ध आहे. साडीचा गणवेश, पदर नीट खोचलेला, शेजारी इंग्रज अधिकारी बाई. मी तो फोटो किती वेळ बघत बसले होते.

गंमत पाहा, त्याच काळात समोरच्या बाजूलाही तेच चाललं होतं. १९४३ मध्ये सिंगापुरात सुभाषबाबूंनी झाशीची राणी रेजिमेंट उभी केली. डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन तिच्या प्रमुख. नाव आमच्या तांब्यांच्या मनूचं, आणि त्यात भरती झालेल्या बहुतेक मुली मलायातल्या तमिळ घरांतल्या, रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या. म्हणजे एका बाजूने हिंदुस्थानी बायका ब्रिटिशांच्या गणवेशात, दुसऱ्या बाजूने आझाद हिंद सेनेच्या. बाईला सैन्यात घेऊन चालतं का, या प्रश्नाचं उत्तर १९४५ पर्यंत दोन्हीकडून देऊन झालेलं होतं.

मग युद्ध संपलं. आझाद हिंद सेना विसर्जित झाली आणि १९४७ पर्यंत ते ब्रिटिश महिला दलही गुंडाळलं गेलं. कल्याणच्या बराकी रिकाम्या झाल्या, त्यात नवीन माणसं आली. बायका घरी गेल्या.

इथपर्यंत ठीक आहे, सगळ्या जगात तसंच झालं. पण आपण त्यापुढे एक पाऊल टाकलं. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्यात कलम १५ आणि १६ आहे, सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही म्हणून. आणि त्याच वर्षी लष्कर कायदा आला. त्याचं बारावं कलम असं की केंद्र सरकार अधिसूचना काढून जे दल किंवा विभाग नेमून देईल तेवढे सोडून कोणतीही स्त्री सैन्यात भरतीला किंवा नोकरीला पात्र नाही. म्हणजे मुळात बंद, आणि सरकारला वाटेल तेव्हा वाटेल तेवढी फट. हे कलम नीट वाचलं की पुढची सत्तर वर्षं समजतात. जे काही मिळालं ते हक्क म्हणून नाही, फट म्हणून.

एक फट मात्र जुनी होती, परिचारिकांची. १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी पहिल्या दहा प्रशिक्षित परिचारिका इंग्लंडहून मुंबईला उतरल्या, तिथून आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा इतिहास मोजतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ला, त्यांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. आपल्याकडे कुणी "सैन्यात पहिली स्त्री अधिकारी १९९३ ला" असं म्हणालं की या बायकांना काय वाटत असेल? खांद्यावर तारे लावून पन्नास वर्षं काम केलं आणि गणती नाही. बहुधा शुश्रूषा हे बाईचं कामच, त्यात सैनिकी काय, असं गृहीत धरलेलं असतं.

दुसरी फट डॉक्टरांची. १९५८ पासून स्त्री डॉक्टरांना नियमित कमिशन मिळू लागलं. पुण्याच्या एएफएमसीत १९६२ ला एमबीबीएसचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षीच्या तुकडीत पुनीता अरोरा होत्या. त्या २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, देशातल्या पहिल्या. त्याच कॉलेजातल्या माधुरी कानिटकर २०२० च्या फेब्रुवारीत लेफ्टनंट जनरल झाल्या. यजमानही लेफ्टनंट जनरल. पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या तेव्हा आमच्या लाइनीला उगाचच अभिमान वाटला.

आणि तिसरी गोष्ट, जिला फट म्हणावं की फसवणूक ते मला ठरवता येत नाही, ती म्हणजे एनसीसी. १९४९ मध्ये एनसीसीची मुलींची शाखा निघाली. माझ्या पिढीतल्या अनेकींच्या ट्रंकेत तो खाकी गणवेश असेल. ऐंशीच्या दशकात मी कल्याणला कॉलेजात होते, पहाटेची गाडी पकडून परेडला जायचे. पॉइंट टू टू रायफल चालवली, नकाशा वाचायला शिकले, दहा दिवसांच्या कॅम्पात खंदक खणले, 'बी' सर्टिफिकेट घेतलं. आणि मग? मग काही नाही. बरोबरच्या मुलांना त्याच सर्टिफिकेटावर भरतीत सवलत होती. आम्हाला लग्नाच्या बायोडेटात एक ओळ. भरतीच्या जाहिरातीत 'अविवाहित पुरुष उमेदवार' असे शब्द असायचे आणि खरं सांगते, त्यातला 'पुरुष' हा शब्द मला तेव्हा दिसायचाही नाही. पावसाबद्दल तक्रार करतं का कुणी? तसं होतं ते. आता विचार केला की नवल वाटतं. १९४९ ते १९९२, त्रेचाळीस वर्षं या देशाने मुलींना कवायत शिकवली, बंदूक हातात दिली आणि दार मात्र कायद्याने बंद ठेवलं.

ते किलकिलं झालं ३० जानेवारी १९९२ ला. कलम बाराखालची अधिसूचना निघाली. लष्करी टपाल, कायदा विभाग, शिक्षण कोअर, आयुधं आणि पुरवठा विभागातल्या काही जागा. वर्षअखेरीला सिग्नल्स, इंजिनियर्स, गुप्तवार्ता, तोफखाना वगैरेंची भर पडली. नोकरी फक्त पाच वर्षांची.

आता यात आपली माणसं किती होती पाहा. संरक्षणमंत्री होते शरद पवार. लष्करप्रमुख जनरल सुनीथ रॉड्रिग्ज, मूळचे गोव्याचे, जन्म मुंबईचा. पवारसाहेबांनी भाषणांतून अनेकदा सांगितलंय की दलप्रमुखांचा याला विरोध होता आणि शेवटी मंत्री म्हणून आपण निर्णय घेतला. दुसरीकडे प्रिया झिंगन यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहिलं की मला सैन्यात यायचंय, आणि रॉड्रिग्जनी उत्तर पाठवलं की वर्षा-दोन वर्षांत मुलींना घेणार आहोत. दोन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत असं वाटेल, पण बसू शकतात. बैठकीत नको म्हणणारा माणूस एखाद्या मुलीच्या पत्राला आपुलकीने उत्तर देऊ शकतो. घरोघरी असे वडील आहेतच की.

झिंगन चेन्नईच्या ओटीएमध्ये लेडी कॅडेट नंबर एक झाल्या. पंचवीस जणींची ती पहिली तुकडी ६ मार्च १९९३ ला अधिकारी म्हणून बाहेर पडली. आणि योगायोग बघा, त्याच ६ मार्चला पवार दिल्ली सोडून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले होते. मुंबईतल्या दंगली संपल्या न संपल्या तोच, आणि सहाच दिवसांनी बॉम्बस्फोट झाले. त्या गदारोळात चेन्नईच्या पंचवीस मुलींकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष गेलं असेल? पुढच्या वर्षी, १९९४ ला, राज्याचं महिला धोरण आलं आणि सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखीव झाल्या. पोलीस भरतीत मुलींच्या रांगा दिसू लागल्या त्या तेव्हापासून. माणूस तोच. दिल्लीत त्याला फट मिळाली आणि मुंबईत आल्यावर टक्का. कारण मुंबईत कलम बारा आडवं नव्हतं.

पुढची सत्तावीस वर्षं मी भरभर सांगते, कारण ती कंटाळवाणी आणि संतापजनक आहेत. पाचाची दहा वर्षं झाली, दहाची चौदा. चौदा वर्षं म्हणजे काय ते लक्षात घ्या. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात. पस्तीस-अडतिशीत, मुलं शाळेत असताना, बाईंना सांगायचं की धन्यवाद, या आता. पुरुषांना शॉर्ट सर्व्हिसमधून कायम होण्याचा पर्याय होता, बायकांना नव्हता. २००३ मध्ये बबिता पुनिया या वकील बाईंनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, मग अधिकारी बायकाही आल्या. २०१० मध्ये निकाल बाजूने लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने स्थगिती दिली नाही तरी अंमलबजावणी झाली नाही. शेवटी १७ फेब्रुवारी २०२० ला न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी कायम कमिशन द्या असा निकाल दिला. त्या वेळी सैन्यात स्त्री अधिकारी होत्या १,६५३, म्हणजे एकूण अधिकाऱ्यांच्या चार टक्के.

या खटल्यात सरकारने केलेला एक युक्तिवाद वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. म्हणणं असं, की जवान हे पुरुष आहेत, त्यातले बहुतेक ग्रामीण भागातून आलेले आहेत, तिथले सामाजिक संस्कार पाहता स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही.

म्हणजे आम्ही. खडवली, वासिंद, शहापूर, मुरबाड. दिल्लीत बायकांना कर्नल करता येत नाही आणि कारण म्हणून आमच्या पोरांची नावं पुढे!

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतात. चोवीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच काश्मीर आणि ईशान्येला. त्यांना मी हा उतारा मराठीत करून वाचून दाखवला. काका आधी बराच वेळ हसले. मग म्हणाले, "ताई, फौजेत हुकूम रँकचा असतो. आतला माणूस कोण ते बघायला सांगितलेलंच नसतं. बघितलं तर मार पडतो." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आता शेवटच्या पोस्टिंगला आमच्याकडे सिग्नलची एक कॅप्टन बाई होती. पहिले आठ दिवस पोरं कुजबुजायची. नवव्या दिवशी तिने रात्री दोन वाजता लाइन दुरुस्त करवून घेतली, त्यानंतर कुजबुज नाही." काकू आतून ओरडल्या, "आणि घरात तरी कुणाचा हुकूम चालतोय?" यावर काकांनी भाष्य केलं नाही.

सुभेदारकाका म्हणजे काही सगळा ग्रामीण भारत नव्हे, मला कळतं. आठ दिवसांची कुजबुज त्यांनीही नाकारली नाही. पण ती जायला नववा दिवस यावा लागतो आणि तो येण्यासाठी बाई तिथे असावी लागते. न्यायालयानेही तो युक्तिवाद ठोकळेबाज समजुतींचा म्हणून फेटाळला.

एवढं होऊनही गोष्ट संपली नाही. निकालानंतर कायम कमिशनसाठी बायकांची तपासणी झाली, ती पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांना पुरुष अधिकारी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी जी शारीरिक कसोटी देतात ती लावून. गुणपत्रकंही जुन्याच वर्षांची धरली, त्यानंतर मिळवलेली पदकं आणि शाबासक्या हिशेबात नाहीत. मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम दिसायला सगळ्यांना सारखा, पण पडतो एकाच्याच डोक्यावर. आणि आत्ता, ऑगस्ट २०२५ मध्ये, लष्कराच्या कायदा विभागातल्या भरतीचा निकाल आला. पुरुषांना सहा जागा, बायकांना तीन, आणि वरचे गुण असूनही मुलगी बाहेर. न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. हा तोच कायदा विभाग, जो १९९२ च्या पहिल्या यादीत होता. तेहतीस वर्षांनीसुद्धा त्यात मुलींच्या जागा मोजून दिल्या जात होत्या.

मराठी वर्तमानपत्रांत मात्र या खटल्यांबद्दल मी फार थोडं वाचलंय. तिथे सैन्यातली स्त्री दिसते ती बहुतेक वेळा वीरपत्नी म्हणून. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. स्वाती महाडिक यांच्यासाठी संरक्षण मंत्रालयाने वयाची अट शिथिल केली आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. विरारच्या गौरी महाडिक मार्च २०२० ला. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझला शहीद झाले, त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० मध्येच लेफ्टनंट झाल्या. चेन्नईच्या उन्हात अकरा महिने वयाने लहान मुलींबरोबर धावायचं, तेही एवढं सोसून झाल्यावर. मला शब्द सुचत नाहीत.

पण या बातम्यांचे मथळे एकापाठोपाठ वाचले तेव्हा एक गोष्ट टोचली. प्रत्येक मथळ्यात नवरा होता. पतीचं स्वप्न, पतीचा वारसा, पतीचा गणवेश. बाई सैन्यात का गेली याचं एकच कारण आपल्याला लगेच पटतं. ज्या मुलीचा कुणी गेलेला नाही, जिला नुसतंच जावंसं वाटलं, तिच्यासाठी आपल्याकडे मथळा तयार नसतो. यात त्या तिघींचा काही दोष नाही, आपला आहे.

तशा नुसत्या जावंसं वाटणाऱ्या किती असतील? याचं उत्तर मिळालं २०२१ मध्ये. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली. नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी देशभरातून पावणेदोन लाखांहून अधिक मुलींनी अर्ज भरले. जागा होत्या एकोणीस! १९५४ पासून खडकवासल्याला असलेल्या त्या संस्थेत २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मुली आल्या आणि त्यातल्या सतरा जणी ३० मे २०२५ ला मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या. ते मी मोबाइलवर पाहिलं, लेडीज डब्यात उभ्याने. शेजारच्या दोघी-तिघी अनोळखी बायका माझ्या खांद्यावरून डोकावत होत्या. आंबिवलीला उतरायची ती टिटवाळ्यापर्यंत आली. :)

आमच्या बाजूच्या लाइनीवरही घडतंय. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना नाशिकरोडच्या शाळेत लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकाचे पंख मिळाले, लष्करी हवाई दलातल्या त्या पहिल्या लढाऊ वैमानिक. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्या पाच मुली घेतल्या गेल्या, आणि तोफखान्याची शाळा म्हणजे देवळाली. तोफखान्याचं नाव १९९२ च्या अधिसूचनेत होतं हे आठवतंय ना? कागदावर होतं, तोफेपर्यंत पोचायला एकतीस वर्षं लागली. राज्य सरकारने नाशिकलाच मुलींसाठी लष्करी अधिकारी भरतीची तयारी करून घेणारी संस्था २०२३ ला सुरू केली. मुलांची तशी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे.

आतापर्यंतचं सगळं अधिकाऱ्यांचं झालं. आमच्याकडून सैन्यात जातं कोण? जवान. दहावी-बारावी झालेली, शेतकऱ्याची, रिक्षावाल्याची पोरं. आणि त्या पातळीवर मुलींसाठी भूदलात आजवर उघडलेलं मुख्य दार एकच, मिलिटरी पोलीस. २०१९ मध्ये पहिल्यांदा जाहिरात आली, जागा शंभर, अर्ज सुमारे दोन लाख. त्यातल्या ८३ जणी मे २०२१ मध्ये बंगळूरहून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडल्या. नौदल आणि हवाई दल अग्निवीर म्हणून मुली घेतात; मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्क्याहून नौदलाच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली बाहेर पडल्या. पण खेड्यातल्या मुलाला भूदलात जितके रस्ते आहेत त्याच्या मानाने मुलीला एक पाऊलवाट आहे.

हे सगळं मला कळलं ते माझ्या भावाच्या मुलीमुळे. एकोणीस वर्षांची आहे. पहाटे पाचला नदीच्या रस्त्याने धावते, मागून तिचा भाऊ सायकलवर, हातात मोबाइलचं घड्याळ. मिलिटरी पोलिसात मुलींना सोळाशे मीटरला आठ मिनिटं असतात, ही सातच्या आत येते. लांब उडी दहा फूट, जमते. मग भरतीचा तपशील नीट वाचला तर उंची १६२ सेंटिमीटर हवी. २०१९ च्या पहिल्या जाहिरातीत ती १४२ होती, मग १५२ झाली आणि अग्निवीर आल्यावर १६२. आमची भाची १५८.

घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. आईने, म्हणजे तिच्या आजीने, दाराच्या चौकटीला उभं करून पुन्हा दोनदा मोजली. पोलिसात जा, असं सगळ्यांनी सुचवलं. महाराष्ट्र पोलिसात मुलींना १५५ लागते आणि ३० टक्के जागा आहेत. तिने तो फॉर्म भरला सुद्धा, रडत नाही बसली. मग एका संध्याकाळी मी हे सगळं वाचत असताना अधिकारी भरतीचे निकष समोर आले. स्त्री अधिकाऱ्याला किमान उंची १५२ सेंटिमीटर. दोनदा वाचलं, मग तिला हाक मारली.

"आत्या, म्हणजे शिपाई व्हायला मी बुटकी आणि साहेब व्हायला उंच?"

हो. तसंच आहे.

पदवीला अजून दोन वर्षं आहेत. सीडीएसची परीक्षा, मग मुलाखतीचे पाच दिवस, मग चेन्नई. इंग्रजीची तिला भीती वाटते, गणिताची नाही. मुलाखतीत गटचर्चा असते, त्याचा सराव म्हणून ती सध्या लोकलमध्ये माझ्याशी इंग्रजीतून वाद घालते आणि डब्यातल्या बायका कुणाची बाजू घ्यायची ते ठरवतात. काल विषय होता, पायदळात मुलींना घ्यावं की नाही. पायदळाचा प्रश्न २०२० च्या खटल्यात न्यायालयापुढे नव्हताच, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मग तो कुणी न्यायचा?" वासिंदला जाणाऱ्या एका कोळीणबाईंनी टोपली सरकवून तिला बसायला जागा दिली. मला मात्र खडवलीपर्यंत उभंच राहावं लागलं.